डोंगराला ‘अहो’ म्हणणारे तांबोळी

तांबोळी डोंगराला ‘अहो’ म्हणतात.

थट्टा नाही, मी शेजारी उभं राहून ऐकलंय. तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा चढवायचा, एक डोळा बारीक करायचा आणि समोरच्या वीस हजार फुटांच्या पर्वताला आदबीनं सांगायचं, ‘‘अहो, मान सरळ. खांदे सैल सोडा. दोन्ही कान दिसू द्यात. हं... आणि हसू नका.’’ पर्वत बिचारा कशाला हसतोय! तो होता तसा उभा राहतो. मग तांबोळी बटण दाबतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, ‘‘बघा जोग, किती समजूतदार गिऱ्हाईक. नाहीतर तुम्ही.’’

हे ‘नाहीतर तुम्ही’ मी गेली वीस वर्षं ऐकतोय. पासपोर्टच्या फोटोसाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा मला सारख्या शिंका येत होत्या. नवव्या खेपेला त्यांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, ‘‘आपल्याला देश सोडायचाय की प्राण?’’

आमची सोसायटी कोथरूडची. मी तिसऱ्या मजल्यावर आणि इक्बाल तांबोळी बरोबर माझ्या डोक्यावर, चौथ्या. वय एकाहत्तर. घराणं कैक पिढ्या पुण्यातलं, त्यामुळे बोलणं असं अस्सल पुणेरी की कोकणातून आलेला मी जोग त्यांच्यापुढे परगावचा पाहुणा वाटतो. चाळीस वर्षं त्यांनी कोपऱ्यावर पासपोर्ट फोटोचं दुकान चालवलं. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीला एक काळा कोट. कोट सगळ्यांना सामायिक. कोथरूडची निम्मी पोरं त्या एका कोटात अमेरिकेला गेली. पोरगा किरकोळ असला तर तांबोळी कोटाला मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. दारात पाटी होती : ‘चेहरा आहे तसाच येईल. तक्रार आई-वडिलांकडे करावी.’

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. ‘‘आता माणसं स्वतःच स्वतःचा फोटो काढतात आणि स्वतःच स्वतःला छान म्हणतात. मधे माझं काय काम?’’ असं म्हणून तांबोळींनी एके दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. पंधरा दिवस नुसते गॅलरीत बसून होते. सोळाव्या दिवशी गाडी काढून मुळशीच्या पुढे गेले आणि एका डोंगराचा फोटो घेऊन आले. त्यानंतर त्यांनी माणसाचा फोटो काढला नाही. कुणी कितीही गळ घालो, उत्तर एकच, ‘‘मी आता फक्त स्थावर बघतो.’’

पण सवय जाते कुठे? डोंगराचे फोटो त्यांनी छापले ते पासपोर्टच्या आकाराचे. आठ प्रती, छोट्या पांढऱ्या पाकिटात. मी चष्मा लावून बघितलं तर अख्खी डोंगररांग, धरण, वरचं आभाळ, सगळं अंगठ्याएवढं. मी म्हटलं, ‘‘अहो, जरा मोठा छापला असतात तर...’’

‘‘मोठा अर्जावर चिकटत नाही,’’ तांबोळी म्हणाले.

रशीदावहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, मागणं मात्र वेगळं होतं आणि फार जुनं होतं. ‘‘साऱ्या कोथरूडचे फोटो काढलेत, माझा एक काढा.’’ लग्नातले फोटो तांबोळींच्या वडलांनी काढलेले. त्यानंतर नवऱ्याच्या कॅमेऱ्यात ही बाई एकदाही आली नव्हती. कारणांना तोटा नव्हता. आज उजेड नाही, उद्या साडीचा रंग बरोबर नाही, परवा म्हणे घरचं गिऱ्हाईक नको, ते जन्मभर नावं ठेवतं. पालथ्या घड्यावर पाणी!

मागच्या वर्षी वारज्याला त्यांची थोरली बहीण वारली आणि मागणं हट्टावर आलं. घरात त्या बाईंचा एक धड फोटो सापडेना. शेवटी मुलांनी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून शोकेसमध्ये ठेवला. ‘‘जोगभाऊजी, एकदा जाऊन बघा तुम्ही,’’ वहिनी मला म्हणाल्या. ‘‘एवढी देखणी माझी आपा, तिथे पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसतेय. उद्या माझंही तेच होणार. नवरा फोटोग्राफर आणि बायको चोर!’’ हे सांगताना त्या हसत होत्या, पण डोळे भरून आलेले मला दिसले. मला वाईट वाटलं.

अशात तांबोळींनी मोहीम काढली. पुण्याहून निघायचं, राजस्थानचं वाळवंट करायचं, पंजाब ओलांडून हिमाचलात शिरायचं आणि किन्नौरवरून थेट स्पिती. चांगला महिनाभराचा बेत. गाडी त्यांची जुनीच. आलटूनपालटून चालवायला माणूस हवा म्हणून मला धरलं. माझी बायको नातवासाठी बंगळूरला गेलेली, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. जन्मभर पाणी बघितलं, म्हटलं, आता जरा कोरडं बघू. वहिनीही निघाल्या. चार नव्या साड्या घेतल्या होत्या. ‘‘एवढ्या मोठ्या मुलखात कुठेतरी माझा नंबर लागेलच की,’’ जिना उतरताना त्या मला म्हणाल्या.

तांबोळी गाडी चालवतात ती पन्नासच्या वेगानं, आणि तेही मन लागलं तर. मधेच कडेला घेऊन थांबायचे. मी विचारायचो, ‘‘काय झालं? पंक्चर?’’ ‘‘छे हो. उजेड तयार होतोय.’’ मग आम्ही तिघं उजेड तयार व्हायची वाट बघत बसायचो. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात चरफडलो. तिसऱ्या दिवशी काय झालं कोण जाणे, माझं घड्याळाकडे बघणंच सुटलं. गुजरात मागे पडलं तशी शेतं विरळ झाली, झाडं बुटकी झाली, मग नुसती झुडपं, मग तीही थकली आणि फक्त जमीन उरली. रस्ता इतका सरळ की वळण आलं तर दचकायला व्हायचं. लांबवर मेंढ्यांचा कळप दिसायचा, तो तासभर तिथेच असायचा, आणि मग कधी नाहीसा झाला ते कळायचं नाही. वहिनी मागच्या सीटवर पेंगायच्या, जाग्या होऊन ‘‘तेच आहे का अजून?’’ विचारायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या. मी जागा आहे की स्वप्नात, मला सांगता आलं नसतं. आणि हे मी स्टिअरिंगवर असतानाचं सांगतोय.

जैसलमेरच्या पुढे वाळूच्या टेकड्या लागल्या. दिवस कलला होता, वाळूवर वाऱ्यानं बारीक चुण्या पाडल्या होत्या आणि सगळीकडे एक पिवळसर शांतता होती. वहिनी नवी डाळिंबी साडी नेसून, पदर सावरून, बरोबर कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तांबोळींनी आत डोळा लावला.

‘‘छान. जरा डावीकडे.’’

वहिनी सरकल्या.

‘‘अजून थोडं. अजून. हां, आता तेवढा चढ ओलांडा.’’

बाई आज्ञाधारकपणे चढ ओलांडून पलीकडे उतरल्या, दिसेनाशा झाल्या आणि यांनी बटण दाबलं. शेजारी उभा असलेला उंटवाला चक्रावला. मला म्हणतो, ‘‘बाबूजी, मेमसाब को कहाँ भेज दिया?’’ तेवढ्यात टेकडीपलीकडून आवाज आला, ‘‘आला का हो फोटो?’’

‘‘उत्तम आला,’’ तांबोळी म्हणाले.

जेवताना वहिनींनी तो फोटो बघायला मागितला. वाळू होती, आभाळ होतं आणि वाळूवर त्यांच्या पावलांची एक ओळ होती, चढावरून पलीकडे गेलेली. त्यांनी कॅमेरा परत दिला आणि बाजरीची रोटी अर्धी टाकून उठल्या. मला त्या माणसाचा असा संताप आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी झोपलेल्या असताना तांबोळी त्याच जागी जाऊन बसले होते. मी गेलो आणि त्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, ‘‘तुम्ही माणूस आहात की स्टँड? एक फोटो मागतेय बाई. तुमचं काय जातं?’’

वाऱ्यानं वाळू सरकत होती, तांबोळी तिच्याकडे बघत होते.

‘‘जोग, माझ्या स्टुलावर बसलेलं माणूस जातं,’’ ते म्हणाले.

‘‘कुठे जातं?’’

‘‘दोनच ठिकाणी. परदेशी, नाहीतर वर. समोरच्या नेन्यांच्या पोराचा फोटो काढला, तो टेक्सासला गेला. आईच्या दहाव्याला पोचला नाही. पेन्शनच्या अर्जाला म्हणून म्हातारे फोटो काढून न्यायचे. सहा महिन्यांनी त्यांची मुलं तोच फोटो घेऊन यायची. काका, मोठा करून द्या, हार घालायचाय. त्यांना हसू नका म्हणून मीच दरडावलेलं असायचं हो! आता घरोघरी तसेच टांगलेत.’’

मी म्हटलं, ‘‘अहो, पण हे तर सगळ्यांचंच...’’

‘‘आमची सना,’’ ते म्हणाले. मुलगी त्यांची, एकुलती एक. ‘‘तिच्या व्हिसाचा फोटो मीच काढला. एकदम नियमात. पहिल्या झटक्यात मंजूर. अकरा वर्षं झाली कॅनडाला जाऊन. आता ही एकटीच राहिलीये माझ्याकडे. हिला नाही मी कॅमेऱ्यासमोर बसवणार. डोंगराचं बरं असतं, फोटो काढला तरी तो तिथेच असतो.’’ मग उठून पँटवरची वाळू झटकत म्हणाले, ‘‘हे कुणाला सांगायचं नाही. तिला तर मुळीच नाही.’’

मी शिकलेला माणूस. हा शुद्ध वेडेपणा आहे असं मी सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मूग गिळून बसलो.

तिथून वर जायला आठ-नऊ दिवस लागले. वाळू संपली, पंजाबातली हिरवी सपाटी आली आणि गेली, आणि मग रस्ता उभाच राहिला. किन्नौरात दोन मुक्काम केले, पातळ हवेची सवय व्हावी म्हणून. सफरचंदांच्या बागा मागे पडल्या. स्पितीत शिरलो तर पुन्हा वाळवंटच, फक्त उभं केलेलं. गवताची काडी नाही, करडे, तांबूस, जांभळट डोंगर, खाली दोऱ्याएवढी नदी आणि आभाळ इतकं निळं की खोटं वाटावं. आवाज नाही कसला. आम्ही एकमेकांशीसुद्धा हळू बोलायला लागलो होतो. वहिनी या सगळ्या दिवसांत फोटोचं नावही काढत नव्हत्या. कॅमेरा निघाला की आपण होऊन बाजूला व्हायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. ते बघवत नव्हतं.

एका घाटमाथ्यावर तांबोळींना एक शिखर हवं होतं. ते ढगात. सकाळी नऊपासून तांबोळी स्टँड लावून बसलेले. मधूनमधून ढगाकडे बघून म्हणायचे, ‘‘अहो, आवरलं का? आम्ही थांबलोय.’’ मी आणि वहिनी पलीकडे चहाच्या टपरीत शेगडीपाशी. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे, तांबोळींनाच कसं ठाऊक नव्हतं कोण जाणे. वहिनी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘‘मी दिसायला वाईट आहे का हो, भाऊजी?’’ आणि मी फुटलो. स्टूल, टेक्सास, हार, सना, ‘ही एकटीच राहिलीये’, सगळं सांगून टाकलं.

वहिनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या. मग पेला खाली ठेवला, शाल घट्ट गुंडाळली आणि ताडताड चालत गेल्या त्या थेट कॅमेऱ्यापुढच्या खडकावर जाऊन बसल्या. मी मागे धावलो. त्या हवेत धावणं कसलं, चार पावलांत छाती भरली.

‘‘अगं, डावीकडे...’’ तांबोळी म्हणाले.

‘‘आता मी कुठ्ठे सरकणार नाही,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘मला कळलंय सगळं. भाऊजींवर चिडू नका. मी काही फोटो काढला म्हणून जाणार नाही आणि नाही काढला म्हणून राहणारही नाही. जायची तेव्हा जाईन. पण मग तुमच्याजवळ काय राहील? मुळशीचा डोंगर? आठ प्रती?’’

तांबोळींनी माझ्याकडे असं बघितलं की मी बूट बघायला लागलो. नेमका त्याच वेळी मागचा ढग फाटला. शिखर बाहेर आलं, पांढरं शुभ्र, अंगावर ऊन. ज्याच्यासाठी माणूस सकाळपासून कुडकुडत होता ते समोर उभं होतं, आणि तांबोळी त्याच्याकडे बघतच नव्हते. कॅमेऱ्यात डोळा लावून नुसते बायकोकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. वारा होता, वहिनींच्या कपाळावर बटा उडत होत्या. ‘‘अहो, काढताय ना? गारठले मी,’’ असं म्हणून त्या हसल्या आणि बटण दाबल्याचा आवाज आला.

तांबोळींनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

‘‘डोळे मिटलेत,’’ ते म्हणाले.

‘‘मग काढा परत.’’

‘‘आता ऊन गेलं. उद्या.’’

दुसऱ्या दिवशी नदीकाठी काढला, तो हलला. तिसऱ्या दिवशी एका मठाच्या पायरीवर काढला, त्यात म्हणे केस तोंडावर आले. मग रोजचंच झालं. खाली उतरताना, सफरचंदाच्या बागेत, पंजाबातल्या ढाब्यावर बाजेवर बसवून, रोज एक फोटो आणि रोज काहीतरी बिनसलेलं. मला त्यांची फार दया आली. चाळीस वर्षं ज्याचा एक फोटो परत आला नाही, त्या माणसाचा हात गेला, नजर गेली! एकदा गाडी चालवताना मी हळूच म्हटलंही, ‘‘वय झालं की होतं असं, तांबोळी. मनाला लावून घेऊ नका.’’ ते खिडकीबाहेर बघत ‘‘खरंय,’’ एवढंच म्हणाले.

पुण्याला परत आलो. दिवाळी आली, माझी बायको बंगळूरहून परतली आणि मी फराळाचं ताट घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. गॅलरीत स्टँड लावलेला. कोरफडीच्या कुंडीशेजारी वेताच्या खुर्चीत वहिनी, डाळिंबी साडी, केस नीट विंचरलेले. मी दारात असतानाच बटण दाबलं गेलं.

‘‘मिटले डोळे,’’ तांबोळी म्हणाले.

‘‘चाळीस वर्षं धंदा केला म्हणे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘या भाऊजी. रोज सकाळी हेच चाललंय आमचं. आवरून बसायचं आणि उद्यावर जायचं.’’ पण त्यांनी फोटो बघायला मागितला नाही. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं. वाळवंटात हट्टानं कॅमेरा हातात घेणारी बाई, स्पितीपासून एकदाही काचेत डोकावली नव्हती.

आत फोन वाजला. कॅनडाहून सना होती. दोघंही लगबगीनं आत गेले आणि मी गॅलरीत एकटा उरलो, हातात चकल्यांचं ताट आणि समोर कॅमेरा. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये हे मलाही कळतं. मी ताट कठड्यावर ठेवलं आणि हात लावला.

आत्ताचा फोटो काचेत होताच. वहिनींचे डोळे टक्क उघडे होते. मी बटण दाबून मागे गेलो. कालचा, उघडे. परवाचा, उघडे. ढाब्यावरचा, बाजेची दोरी न् दोरी दिसत होती, काहीसुद्धा हललेलं नव्हतं. मठाच्या पायरीवर एक केस तोंडावर नाही. मागे मागे जात घाटमाथ्यावर पोचलो. मागे ते शिखर, पुढे शाल गुंडाळलेली बाई, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यासकट ती समोरच्या माणसाकडे बघून मनापासून हसतेय. इतका सुंदर फोटो मी जन्मात बघितला नव्हता. मला तिथेच गॅलरीत रडू आलं, लाज कसली सांगायला.

वर बघितलं तर दारात तांबोळी उभे. त्यांनी कॅमेरा हिसकावला नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

आतून वहिनींचा आवाज आला, ‘‘काय हो जोगभाऊजी, तुम्ही सांगा. खरंच मिटलेत का माझे डोळे?’’

‘‘हो वहिनी,’’ मी म्हटलं. ‘‘चांगले मिटलेत. उद्या परत बसावं लागणार तुम्हाला.’’

‘‘बसेन की,’’ वहिनी म्हणाल्या.